पकड नसलेल्या नावेचं सुकाणू

एक किलो वजनाची, साठ सेंटिमीटर लांब आणि चाळीस सेंटिमीटर रुंद अशी सपाट नाव हवेच्या जोरावर जमिनीवरून उचलायची, तर तिच्या पोटाखाली किती दाबाची हवा लागेल? हा प्रश्न मी हल्ली भेटेल त्याला विचारतो. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पंक्चरच्या दुकानातला काँप्रेसर येतो. हिशेब मात्र शाळकरी आहे. हजार ग्रॅम वजन, चोवीसशे चौरस सेंटिमीटर तळ. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भार. पेल्याच्या तळाशी चार मिलिमीटर पाणी उरलं असेल तर ते बुडावर जेवढा दाब देतं, तेवढा दाब या नावेला पुरतो. आपण ज्या वातावरणात वावरतो त्याचा दाब पाण्याच्या दहा मीटर उंच स्तंभाएवढा असतो. त्याच्या जेमतेम अडीच हजाराव्या हिश्श्यावर एक किलोची नाव तरंगते.

म्हणून तर बाटलीचं झाकण, जुनी सीडी आणि फुगा एवढ्या भांडवलावर विज्ञान प्रदर्शनात ‘हॉवरक्राफ्ट’ उभं राहतं. फुगा रिकामा होईस्तोवर सीडी टेबलावर अलगद सरकते, टाळ्या पडतात, आणि बहुतेक मुलांचा या यंत्राशी संबंध तिथेच संपतो. मला याची मनापासून हळहळ वाटते. उचलणं हा या विद्येतला सोपा भाग. उचललेली नाव हवी तिकडे नेणं, वळवणं आणि ठरल्या जागी थांबवणं हा अवघड भाग, आणि शिकण्यासारखं जे काही आहे ते बहुतेक सगळं तिथे आहे. पुण्यात इंजिनियरिंग शिकणारी माझी भाची आणि तिचे मित्र रेडिओवर चालणारी अशी नाव घरच्या घरी बांधताहेत. त्यांच्या मागे मागे फिरून, त्यांचे वाद ऐकून आणि थोडंफार स्वतः कापून-चिकटवून जे उमगलं, ते इथे मांडतो आहे.

या नावेचा जन्मच मुळी घरगुती आहे. क्रिस्टोफर कॉकरेल हा इंग्रज इंजिनियर मार्कोनी कंपनीतली नोकरी सोडून होड्या बांधण्याच्या धंद्यात पडला होता. इंजिनाचा बराचसा जोर पाण्याशी झगडण्यातच जातो, हे त्याला खुपत होतं. १९५५ च्या सुमाराला त्याने मांजराच्या खाद्याचा रिकामा डबा कॉफीच्या मोठ्या डब्यात बसवला, दोहोंमधल्या गोल फटीतून हवा खाली फुंकली आणि खाली स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवला. तीच हवा एका सरळ नळीतून सोडली तर काट्यावर जेवढा जोर पडे, त्याहून बराच जास्त जोर या कडेकडेने उतरणाऱ्या हवेने पडला. कडेचा तो हवेचा पडदा आतली हवा कोंडून धरत होता. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे बाल्सा लाकडाचं चालतं मॉडेल बांधून ते लंडनच्या सरकारी अधिकाऱ्यांसमोर चालवून दाखवलं. नौदलाला ते विमान वाटलं, हवाई दलाला ती नाव वाटली आणि लष्कराला त्यात रसच वाटला नाही, अशी आठवण तो पुढे सांगत असे. शिवाय सरकारने कल्पना गुप्त यादीत टाकल्यामुळे काही काळ त्याला बाहेर वाच्यताही करता येईना.

पुढे सरकारी महामंडळाचा पैसा मिळाला, आइल ऑफ वाइट बेटावरच्या साँडर्स-रो कंपनीने काम हाती घेतलं आणि जून १९५९ मध्ये एसआर.एन.१ हे पहिलं माणसं वाहणारं हॉवरक्राफ्ट लोकांसमोर आलं. २५ जुलै १९५९ रोजी त्याने कॅलेहून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी ओलांडली. ब्लेरिओने विमानातून तीच खाडी ओलांडली त्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली होती. या प्रवासात कॉकरेल स्वतः यानावर होता, आणि त्याचं तिथलं काम होतं वजन म्हणून वापरलं जाणं. तोल जिकडे कमी पडेल तिकडे जाऊन बसायचं. या सबंध इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा तपशील हाच. ज्याने कल्पना काढली त्यानेच फळीवर बसून तोल सांभाळला. आज एक किलोच्या मॉडेलमध्ये तेच काम बॅटरी करते. भाचीच्या नावेत बॅटरी वेल्क्रोच्या लांब पट्टीवर बसवलेली आहे, बोटभर पुढे, बोटभर मागे सरकवता येईल अशी, आणि प्रत्येक फेरीआधी तिचा पहिला उद्योग तोच असतो.

चार मिलिमीटरचा दाब निर्माण करणं सोपं असलं तरी टिकवून धरणं सोपं नाही. एवढ्याशा दाबानेही हवा फटीतून सेकंदाला आठ मीटरच्या वेगाने बाहेर पळते. नावेचा घेर दोन मीटर आहे आणि तिच्या कडेखाली सगळीकडून दोन मिलिमीटरची फट आहे असं धरलं, तर दर सेकंदाला सुमारे वीस लिटर हवा निसटते. एक मोठी बादली भरेल एवढी. फट पाच मिलिमीटर झाली की पन्नास लिटर. पंख्याला तेवढी हवा सतत पुरवत राहायची असते. पैसे वाचवायला पुष्कळ जण इथे जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा लावून बघतात आणि नाव जागची हलत नाही म्हणून निराश होतात. तसला पंखा हवा भरपूर हलवतो, पण अडथळ्याविरुद्ध जोर लावायची वेळ आली की पाण्याच्या एक ते तीन मिलिमीटरच्या आसपास त्याचा दम संपतो. आपल्याला हवेत चार. तिथे छोटी ब्रशलेस मोटार आणि भरपूर पात्यांचा, घट्ट कड्यात फिरणारा पंखा लागतो. पात्याचं टोक आणि कडं यांच्यात एक-दोन मिलिमीटरहून जास्त अंतर राहिलं, तर हवा तिथूनच उलटी फिरते आणि मोटार नुसती ओरडत राहते.

पण पंख्यावर कितीही खर्च केला तरी नाव तरते ती कडेच्या कापडावर. पहिल्या एसआर.एन.१ ला असं कापड नव्हतं. ते पाण्यापासून वीतभर उंचीवर चाले आणि जरा मोठी लाट आली की अडचणीत येई. सेसिल लॅटिमर-नीडहॅम या विमानांच्या अभियंत्याने लवचीक स्कर्टची कल्पना पुढे आणली. काही वर्षांतच त्याच यानाला चार फुटी स्कर्ट लागला आणि ते लाटा नि खडक सहज पार करू लागलं. आतलं यान उंच आणि कापडाची कड मात्र पाण्यालगत, म्हणजे अडथळा मोठा चालतो आणि फट लहानच राहते. हॉवरक्राफ्टच्या इतिहासात कॉकरेलचं नाव सगळे घेतात. हा दुसरा माणूस मागे राहून जातो, आणि ते बरोबर नाही.

मॉडेलला जो स्कर्ट लावतात तो बहुधा पिशवीचा असतो. नावेच्या कडेभोवती कापडाची नळी. तिची एक कड वर डेकला चिकटवलेली, दुसरी कड खाली तळाला, जरा आतल्या बाजूला. पंख्याची हवा आधी या नळीत शिरते, ती फुगते, आणि नळीच्या आतल्या अंगाला पाडलेल्या भोकांतून हवा पोटाखाली जाते. भोकं फार मोठी ठेवली तर नळी पुरती फुगत नाही आणि वेगात पुढची बाजू आत दुमडते. फार लहान ठेवली तर नळी टणक होते आणि नाव जागेवर थडाथडा नाचू लागते. हा मेळ कागदावर जुळत नाही. भोकं थोडी लहान पाडून सुरुवात करायची, नाव चालवून बघायची आणि मग कात्रीने वाढवत जायची. मोठी करता येतात, लहान करता येत नाहीत.

कापडासाठी या मुलांनी छत्रीचं कापड घेतलं. वजनाला हलकं, विणीला घट्ट, आणि आतून पाणी अडवणारा लेप असलेलं. पहिला स्कर्ट त्यांनी घरीच एका लांब सरळ पट्टीतून शिवला. सरळ बाजूंना तो छान बसला, पण कोपऱ्यांवर त्याला चुण्या पडल्या आणि प्रत्येक चुणीतून हवा शिट्टी मारत निघाली. शेवटी ते सगळं बोचकं घेऊन आम्ही गल्लीतल्या शिंप्याकडे गेलो. मास्तरांनी आधी नाव उलटी केली, कोपऱ्यावरून टेप फिरवली, आतून फिरवली, आणि म्हणाले, “बाहेरची गोलाई लांब, आतली तोकडी. सरळ पट्टी इथे बसणारच नाही. कळ्या काढाव्या लागतील.”

“मास्तर, हवा धरली पाहिजे हो. घागऱ्यासारखं घेरदार नको,” मी म्हणालो.

“कळी घेरासाठी असते आणि बसण्यासाठी पण असते,” ते म्हणाले. “तुम्ही किती गोल फिरवायचं ते सांगा.”

त्यांनी वर्तमानपत्राचा कागद कोपऱ्यावर दाबून धरला, अंगठ्याच्या नखाने कड उमटवली, कात्रीने काप देत कागद गोलाईवर बसवला आणि प्रत्येक काप जिथे उघडला किंवा एकावर एक चढला तिथे पेन्सिलीने खूण केली. कागद टेबलावर सपाट पसरल्यावर एका कोपऱ्याच्या चार कळ्या डोळ्यांना दिसायला लागल्या. वर रुंद, खाली निमुळत्या. कापड उरेब धरू नका, ताणलं जाईल, हे त्यांनी न विचारता सांगितलं. मग भाचीला म्हणाले, “बाळा, शिवण खालच्या अंगाला येऊ देऊ नकोस. जमिनीला घासून टीप उसवेल. जोड वर घे, आणि आतून चिकटवून टाक, सुईच्या भोकांतून पण वारा जातो.” एवढं ऐकल्यावर तिने वहीत आधी काढलेला कोपऱ्याचा आराखडा खोडून टाकला. विमानशास्त्राच्या पुस्तकात कोपऱ्यातल्या स्कर्टची भूमिती असते, ती खरीच असते. पण कापड गोलाईवर कसं वागतं हे ज्याच्या हाताला रोज कळतं, त्याचा सल्ला या कामात पुस्तकाइतकाच मोलाचा आहे. अशी नाव बांधू पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला मी शिंप्याकडे पाठवीन.

बाकीच्या नावेबद्दल फार लिहावं असं नाही. तळ नि डेक हलक्या, दाट फोमच्या पत्र्याचे. साधा थर्माकोल चालत नाही, तो कडेला भुगा होतो. हवा ढकलणारी मागची मोटार बाजारात सहज मिळणारी, पन्नासेक ग्रॅमची. तिच्या कागदावर ‘१००० केव्ही’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दर व्होल्टला हजार फेरे, म्हणजे ११.१ व्होल्टच्या तीन घरांच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर, भार नसताना, मिनिटाला अकरा हजारांवर. बॅटरी दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. सुकाणू हलवायला नऊ ग्रॅमचा सर्वो. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, त्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. सगळं धरून किलोच्या आसपास. एका चार्जिंगवर आठ-दहा मिनिटांचा खेळ होतो. दोन गोष्टी मात्र हट्टाने कराव्यात. पंख्यांवर जाळी बसवावी, आणि रेडिओचा संपर्क तुटला तर दोन्ही मोटारी आपोआप बंद पडतील अशी सोय रिसीव्हरमध्ये करून, ती रेडिओ मुद्दाम बंद करून तपासावी. मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं बोट वेगळं करू शकतं.

आता सुकाणू.

मोटारगाडी वळते कारण टायर रस्त्याला धरतो. होडी वळते कारण पाण्यातला तळ आडवा सरकायला तयार नसतो. हॉवरक्राफ्टला यातलं काहीच नाही. ते जमिनीपासून सुटं झालेलं असतं, आणि जे त्याला तरंगवतं तेच त्याची पकड काढून घेतं. सुकाणू फिरवलं की नाव जागच्या जागी स्वतःभोवती वळते, नाक नव्या दिशेला जातं, आणि नाव मात्र आधीच्याच दिशेने, आता आडवी, सरकत राहते. पहिल्यांदा चालवणारा इथेच गडबडतो. त्याला वाटतं सुकाणू चाललं नाही, म्हणून तो आणखी फिरवतो. नाव गरगर फिरू लागते आणि फिरत फिरत भिंतीवर जाते.

भाची मला शिकवत होती तेव्हा तिने एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं: “मामा, तू नाकाकडे बघू नकोस. ती चाललीय कुठे ते बघ.” नाक कुठे आहे आणि नाव कुठे चालली आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्याला पटायला मिनिट लागतं, अंगठ्यांना पटायला बराच काळ जातो.

याचं गणित सरळ आहे आणि ते माहीत असलं तर सराव कुठून सुरू करायचा तेही कळतं. मागचा पंखा चारशे ग्रॅमचा जोर देत असेल तर एक किलोच्या नावेला सेकंदागणिक चार मीटर प्रति सेकंद एवढा वेग देता येतो. वळण घ्यायचं म्हणजे हाच जोर वळणाच्या मध्याकडे रोखायचा, कारण आत ओढणारं दुसरं काहीच नाही. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे भरभर चालण्याच्या वेगाने, एक मीटर त्रिज्येचं वळण बसतं. वेग पाच मीटर झाला की त्रिज्या सहा मीटर. दहा मीटर झाला की पंचवीस. वेग दुप्पट, वळण चौपट. बॅडमिंटनचं कोर्ट रुंदीला सहा मीटरपेक्षा जरासंच जास्त असतं. म्हणजे पाच मीटरच्या वेगाने आलेली नाव त्यात पूर्ण गोल फिरूच शकत नाही, कुणीही चालवली तरी. हॉलच्या भिंतींवर आपटणाऱ्या नावा हाताच्या चुकीने जेवढ्या आपटतात त्याहून जास्त या हिशेबाने आपटतात.

म्हणून वळण आधीपासून रचावं लागतं. कोपरा यायच्या बराच आधी सुकाणू देऊन नाक आत फिरवायचं, इतकं की नाव जवळपास आडवी चालू लागेल. मग उलट सुकाणू देऊन ते फिरणं थांबवायचं, कारण एकदा फिरू लागलेली नाव आपणहून थांबत नाही. आणि मग जोर द्यायचा. नाव बाहेरच्या बाजूला सरकत सरकत आत ओढली जाते. थांबायचं असेल तर अर्धं वळून पाठ पुढे करायची आणि जोर द्यायचा; पाच मीटरच्या वेगाने येणारी नाव असं केल्यावर तीनेक मीटरमध्ये थांबते, पण वळायला लागलेला वेळ त्यात धरलेला नाही. हे सगळं करताना एक सवय मोडावी लागते. घाबरलं की हात थ्रॉटल सोडतो. गाडीत ते बरोबर असतं. इथे सुकाणूला जोर मिळतो तो पंख्याच्या झोतातून. झोत गेला की सुकाणू म्हणजे नुसती हलती पट्टी. संकटात असताना जोर कायम ठेवून सुकाणू वापरणं, हे शिकवल्याशिवाय येत नाही.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये सराव चालायचा तेव्हा नाव सारखी एकाच बाजूला, पाणी जाण्याच्या जाळीकडे, जायची. मुलांना आधी वाटलं सुकाणू वाकडं बसलंय. प्रत्यक्षात पार्किंगला पावसाचं पाणी जावं म्हणून उतार दिलेला होता. एक अंशाचा उतारही एक किलोच्या नावेला सतरा ग्रॅमच्या जोराने खाली ओढत असतो, आणि विरोध करायला घर्षण नसतं. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन सपाट नसते हे या नावेने दाखवून दिलं. पेव्हर ब्लॉकवरही तिचं जमत नाही. ब्लॉकांमधल्या चिरांतून हवा निसटते आणि ती रडत-खडत चालते. सिमेंटचा गुळगुळीत कोबा किंवा लाकडी हॉल, या तिच्या आवडत्या जागा.

सुकाणूच्या बांधणीतही हा सगळा विचार उतरावा लागतो. एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन किंवा तीन उभ्या पट्ट्या बऱ्या, सगळ्या झोतात बसणाऱ्या आणि एकाच तारेने जोडलेल्या. त्यांना तीस-पस्तीस अंशांपेक्षा जास्त वळवून उपयोग नाही. त्यापुढे हवा पट्टीवरून सुटते आणि जोर वाढायच्या ऐवजी घटतो. बिजागरीच्या पुढे पट्टीचा पावएक भाग ठेवला तर छोट्या सर्वोवर ताण येत नाही. आणि पट्ट्या फार उंच नकोत. डावीकडे वळताना सुकाणू नावेची शेपटी उजवीकडे ढकलतं. तो जोर उंचावर लागला तर नाव उजवीकडे कलते आणि त्याच अंगाचा स्कर्ट जमिनीवर घासतो. मग वळणात एका बाजूने ब्रेक लागल्यासारखं होतं. पुष्कळ नावांचं ‘एकाच बाजूला नीट वळते’ हे दुखणं असं तोलाचं असतं. ते रेडिओवरचं बटण फिरवून बरं होत नाही, बॅटरी सरकवून होतं.

उचलणारा पंखा या मुलांनी रेडिओवरच्या गोल बटणावर ठेवला आहे आणि ढकलणारा डाव्या कांडीवर. सुरुवातीला मला वाटलं की उचलणारा पंखा नेहमी पूर्ण सोडलेला बरा. भाची तसं करत नाही. अवघड वळणाआधी ती बटण जरासं मागे घेते, स्कर्ट थोडा जमिनीला लागतो, नाव किंचित धरते, आणि वळणातून निघताना ती हवा परत देते. पकड नसलेल्या नावेला हवी तेव्हा चिमूटभर पकड देण्याची ही युक्ती आहे. मोठ्या यानांचे चालकही पोटाखालची हवा कमी करून वेग मारतात.

पाण्यावर नेलं की आणखी एक प्रकरण सुरू होतं. आम्ही नाव एका ओळखीच्या शेततळ्यावर नेली. नाव पाण्यावर उभी राहिली की तिच्याखाली पाण्यात चार मिलिमीटरचा खळगा पडतो. त्या खळग्यातून बाजूला झालेलं पाणी मोजलं तर बरोबर एक लिटर भरेल, नावेच्या वजनाइतकंच. आर्किमिडीज इथेही सुटत नाही, मग नाव पाण्याला टेकलेली नसली तरी. हळू चालताना हा खळगा तिच्याबरोबर चालतो, पुढे लाट उठते आणि नाव स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. साठ सेंटिमीटरच्या नावेला ही चढण सेकंदाला साधारण १.४ मीटर वेगाच्या आसपास सगळ्यात कडक लागते, कारण त्या वेगाने उठणाऱ्या लाटेची लांबी नावेच्या लांबीच्या दुप्पट असते. चढण एकदा ओलांडली की लाट मागे पडते आणि नाव सुसाट सुटते. जोर कमी असेल तर ती अलीकडेच तुषार उडवत घुटमळते. म्हणून पाण्यावर आधी सरळ रेषेत वेग घ्यायचा, वळायचं ते त्यानंतर. वळणात वेग पडला तर पुन्हा चढण.

शेततळ्याबद्दल एक सांगितलंच पाहिजे. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही आणि काठ उभा असतो; तिथे दरवर्षी माणसं जीव गमावतात. नाव मधोमध बंद पडली तर तिला आणायला कुणीही उतरायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. दोऱ्याला चेंडू बांधून तो नावेपलीकडे टाकायचा आणि ओढून घ्यायची. चारशे ग्रॅम जोराची ही नाव तेवीस अंशांपेक्षा उभा काठ चढू शकत नाही, आणि शेततळ्याचे काठ त्याहून उभे असतात, त्यामुळे ती आपणहून बाहेर येईल ही आशाही ठेवायची नाही.

इतकं सगळं खेळण्यापुरतंच आहे असं कुणाला वाटेल, तर मोठी यानं बघावीत. १९६८ पासून १ ऑक्टोबर २००० पर्यंत इंग्लिश खाडीत मोटारी आणि माणसं नेणाऱ्या एसआर.एन.४ यानांना चार पंखे होते, एकोणीस फुटी किंवा त्याहून मोठे, आणि वळताना चालक हे पंखे त्यांच्या खांबांसकट फिरवत असे. म्हणजे सुकाणू झोतात ठेवण्याऐवजी झोतच वळवायचा. इंग्लंडच्या साउथसीहून आइल ऑफ वाइटवरच्या राइडला १९६५ पासून सुरू असलेली हॉवरक्राफ्टची प्रवासी सेवा आजही चालू आहे. मुंबईतल्या मध्यमवयीन लोकांना नव्वदच्या दशकातली, गेटवेपासून वाशी-बेलापूरकडे जाणारी हॉवरक्राफ्ट आठवत असेल. ती सेवा टिकली नाही, धक्क्यांपासून सगळ्याच सोयी अपुऱ्या पडल्या. पण ज्या किनाऱ्यावर ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो, त्या किनाऱ्याला हे वाहन शोभतं असं मला अजूनही वाटतं. तटरक्षक दल ते गुजरातच्या खाड्यांत आणि दलदलीत वापरतं, जिथे होडी रुतते आणि जीप बुडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने दलासाठी सहा हॉवरक्राफ्ट बांधण्याचा सुमारे ३८७ कोटींचा करार चौगुले कंपनीशी केला. गोव्यातल्या माणसांच्या हातून ही यानं घडणार आहेत, आणि तिथे स्कर्ट शिवणारे, तोल बघणारे, चालवणारे लागतील. आज बॅडमिंटन हॉलमध्ये भिंतीवर नाव आपटणारी पोरं त्यात दिसावीत, अशी माझी इच्छा आहे.

सध्या या चौकडीत वाद चालू आहे तो जायरोचा. विमानांच्या मॉडेलमध्ये वापरतात तो बोटाच्या पेराएवढा जायरो सर्वोच्या वाटेत बसवला, की नाव किती वेगाने फिरते आहे हे तो मोजतो आणि तिला आवर घालायला सुकाणू आपणहून उलट देतो. नाव सरळ चालते, वळणातून निघताना गरगरत नाही. भाचीच्या मित्राचं म्हणणं, स्पर्धा जवळ आली आहे, जायरो लावून मोकळं व्हा. भाची म्हणते, आधी हाताने चालवायची. मी तिच्या बाजूचा. तोल चुकलेला असला, पट्टी वाकडी असली, तर जायरो ते झाकून टाकतो. नाव ठीक चालते आणि सुकाणूचा अर्धा जोर दोष लपवण्यातच खर्च होत राहतो. आधी जायरोविना नाव दोन्ही बाजूंना सारखी वळली पाहिजे. मग तो खुशाल बसवावा.

बसवल्यावर पंख्यांच्या मोटारींच्या तारा सोडून ठेवाव्यात, रेडिओ आणि रिसीव्हर चालू करावा, नाव दोन्ही हातांत धरून नाक झपकन उजवीकडे फिरवावं आणि सुकाणूकडे बघावं. त्याच क्षणी ते नाकाला डावीकडे आणण्याच्या बाजूने हललं, तर जायरो बरोबर लागला आहे. उलट हललं तर त्यावरचं छोटं बटण सरकवून दिशा बदलावी, आणि मगच मोटारींच्या तारा जोडाव्यात.